हरकत आली

फार मागे, ज्या काळाची मोजदाद आता कुणाकडेच उरलेली नाही, त्या काळी एका खोऱ्यात एक गाव होतं. गावात एक प्रार्थनामंदिर होतं आणि मंदिराला लागून चुन्याविटांचा एक उंच मनोरा. मनोऱ्यात घंटा होती. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला ती वाजायची, आणि वाजली की गाव हातातलं काम थांबवून क्षणभर उभं राहायचं.

मंदिराचा कारभार पाच वडील बघत. वडील म्हणजे वयाने मोठे असं नव्हे. मंदिरात प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळीने निवडून दिलेले पाच जण. एक विणकर, एक तेली, एक मेंढपाळ, एक सुतार आणि पाचवा मळेकरी. मळेकऱ्याला त्यांनी मुख्य नेमलं होतं, कारण त्याने आयुष्यात कुणाला दुखवलं नव्हतं. ही गोष्ट त्याची आहे. गाव त्याला मुख्य म्हणायचं, तेव्हा लहानथोर वाचकहो, आपणही तसंच म्हणू.

वडिलांची बैठक दुपारी भरायची, मंदिराच्या बाजूच्या खोलीत. मधोमध पाण्याने भरलेलं घंगाळ ठेवलेलं असे. मुख्याने विषय वाचायचा आणि बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. वाटीत हळूहळू पाणी भरे. ती बुडायच्या आत ज्याला हरकत घ्यायची त्याने घ्यावी. कुणीच काही बोललं नाही आणि वाटी बुडाली, की विषय मंजूर. हरकत निघाली, तर वाटी उचलायची आणि विषय मागे ठेवायचा. कोपऱ्यात लेखनिक बसे आणि जे झालं ते वहीत उतरवून घेई.

खोलीला एकच खिडकी होती. खिडकीबाहेर दगडी ओटा होता, आणि त्या ओट्यावर दुपारच्या सावलीला एक म्हातारा येऊन बसायचा.

हा म्हातारा तरुणपणी चुन्याची भट्टी चालवायचा. मनोरा त्यानेच उभारला होता. एका वाईट वर्षी त्याने आपलं धान्य गावाला वाटलं होतं. त्याला वडील म्हणून कुणी निवडलं नव्हतं आणि त्याने कधी मागितलंही नव्हतं. गाव त्याला थोरले म्हणे, बस्स.

एकदा कसला तरी विषय पुढे होता. वाटी अर्धी भरली होती. खिडकीबाहेर थोरले खाकरले.

पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. "थोरल्यांना पसंत दिसत नाही," तेली हळूच म्हणाला.

मुख्याने वाटी उचलली.

"काय लिहू?" लेखनिकाने विचारलं.

"लिहा, हरकत आली."

"कुणाची?"

"नुसतं लिहा. आली."

लेखनिकाने लिहिलं. आणि ते दोन शब्द त्या वहीत असे रुजले, की पुढची वीस वर्षं पानोपानी उगवत राहिले. विषय निघायचा, वाटी तरंगायची, पाच जण वाटीकडे न बघता खिडकीकडे कान लावून बसायचे. बाहेर शांत असलं की मंजूर. बाहेर खाकरणं ऐकू आलं की हरकत आली. कुणी कुणाशी वाद घातला नाही. इतकी समजूतदार बैठक साऱ्या खोऱ्यात नाही, असं लोक म्हणत.

मग थोरले वारले. गावाने मोठ्या मानाने त्यांना माती दिली.

त्याच महिन्यात एक दिवस मुख्याची अक्का त्याच्या मळ्यावर आली. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून, म्हणजे तीस वर्षं, मंदिराची घंटा तीच वाजवत होती. विहिरीच्या कठड्याशी ती वाकली, अंबाडा सोडला आणि केस झटकले. दगडावर पांढरी वाळू सांडली.

"हे काय?" मुख्याने विचारलं.

"तुमचा मनोरा. रोज थोडा थोडा डोक्यावरून घरी नेते." तिने केस पुन्हा बांधले. "दोरी ओढली की वर काहीतरी करकरतं रे. आधी घंटा करकरते असं वाटायचं. आता घंटा थांबल्यावरही करकरतं."

"मग वाजवू नकोस."

"हे भाऊ म्हणून सांगतोस की मुख्य म्हणून?"

"त्यात काय फरक आहे?"

"भाऊ म्हणून सांगत असशील, तर ऐकून घेते आणि दुपारची घंटा वाजवायला जाते. दोरी हातात घेताना मी पाच वडिलांपुढे वचन दिलंय. सोडायची तर त्यांच्याच शब्दाने सोडीन. चुलीपुढे बसून ठरवलेलं मला चालत नाही."

"बरं, बैठकीत मांडतो."

"मांड. तिथं डोकी पाच आहेत आणि घसा एक, पण मांड."

मुख्य हसला. आता तो घसाही नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याची त्याला लाज वाटली.

बैठक भरली. मुख्याने विषय वाचला, "मनोरा खिळखिळा झाला आहे. घंटा खाली घेऊन मनोरा उतरवावा." त्याने वाटी पाण्यावर सोडली. बाहेर ऊन होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. वाटी पाव भरली, अर्धी भरली. आणि खोलीत खाकरण्याचा आवाज आला.

तोच. कोरडा, दोन तुकड्यांत तुटणारा, शेवटी किंचित वर जाणारा.

मुख्याला कळायच्या आत त्याचा हात पाण्यात गेला आणि वाटी बाहेर आली. तिच्यातून पाणी ठिबकत राहिलं. मेंढपाळ उठला, बाहेर जाऊन आला.

"ओट्यावर कुणी नाही," तो म्हणाला. "दगड गार आहे. फक्त त्यांची बसायची जागा तेवढी कोमट लागते."

"उन्हाने असेल," विणकर म्हणाला.

"तिथं ऊन येत नाही. म्हणून तर ते तिथं बसत."

लेखनिकाने टाक उचलला. "काय लिहू?"

मुख्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. "हरकत आली," तो म्हणाला.

त्यानंतर तीन आठवडे गेले. रोज तीन वेळा घंटा वाजे, आणि पहिल्या टोल्यापासून शेवटच्या टोल्यापर्यंत मुख्य मळ्यात कुदळ टेकून श्वास धरून उभा राही. एका सकाळी पाचव्या टोल्यानंतर सहावा आलाच नाही. तो धावत सुटला. मनोऱ्याच्या तळाशी अक्का भिंतीला टेकून बसली होती. वरून एक वीट सुटली होती आणि तिच्या उजव्या खांद्यावर बसली होती.

"डोक्यावर यायची, वाट चुकली," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तोंड पाडून उभा राहू नकोस. बैठक कधी आहे ते सांग."

"उद्या."

"तोवर डाव्या हाताने ओढते."

दुसऱ्या दिवशी मुख्याने तोच विषय पुन्हा वाचला. आवाज चढवून वाचला. वाटी सोडली, आणि या वेळी हात पाठीमागे बांधून बसला. वाटी पाव भरली. खाकरणं आलं. सुताराने मान खाली घातली. तेली पुटपुटला, "मेलेल्या माणसाचा मान राखावा." विणकराने हात लांब करून वाटी उचलली, आणि मुख्याने ती उचलू दिली.

त्या संध्याकाळी लेखनिक मळ्यावर आला. हा मोजून पावलं टाकणारा, मोजून बोलणारा माणूस. त्याच्या काखेत दोन वह्या होत्या. एक मंदिराची, सगळ्यांच्या ओळखीची. दुसरी लहान, सुती कापडात गुंडाळलेली.

"ही माझी," तो म्हणाला. "दिवसभरात जे दिसतं ते रात्री लिहितो. जुनी सवय आहे. बैठकीत माझी बसायची जागा तुम्हाला ठाऊक आहे."

"कोपऱ्यात."

"कोपऱ्यात, आणि खिडकीकडे पाठ करून. तुम्ही पाच जण माझ्यासमोर असता. थोरले होते तेव्हा त्यांचं खाकरणं मला पाठीमागून ऐकू यायचं." त्याने लहान वहीचं कापड सोडलं. "आता समोरून येतं."

मुख्याच्या हातातलं खुरपं थांबलं.

"पहिल्यांदा वाटलं, कान आणि डोळे फसले. म्हणून दुसऱ्या वेळी नीट बघितलं. थोरले गेल्यापासून सात वेळा हरकत आली. मनोऱ्याच्या दोन, बाकी किरकोळ. प्रत्येक वेळी कुणाचा गळा हलला ते यात लिहिलंय. तोंड मिटलेलं असतं. डोळे खिडकीकडे लागलेले असतात. फक्त गळ्याची घाटी वर जाते आणि खाली येते."

मुख्याने वही घेतली. अक्षर बारीक आणि सरळ होतं. एकदा तेली. एकदा सुतार. उरलेल्या पाच ओळींत एकच शब्द होता, मुख्य. मनोऱ्याच्या दोन्ही हरकती त्यांतच होत्या.

"माझा गळा?" तो म्हणाला. "मी तर भ्यालो होतो. बाकीच्यांसारखाच."

"ते मी पाहिलं. भ्यालेला चेहराही तुमचा आणि गळाही तुमचा."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही मला फक्त लिहा म्हणालात." लेखनिकाने वही परत घेतली, कापडात गुंडाळली. "पण काल अक्कांना डाव्या हाताने दोरी ओढताना पाहिलं. मग म्हटलं, न विचारता एकदा सांगावं."

तो गेल्यावर मुख्य विहिरीवर गेला. पाण्यात वाकून त्याने स्वतःचा गळा बघितला. मनातल्या मनात तो मनोऱ्याचा विषय आठवू लागला, आणि पाण्यातल्या माणसाची घाटी सावकाश वर चढली. तो कठड्यावरून मागे सरला. खाकरणं विहिरीतून वर आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो थोरल्यांच्या घरी गेला. थोरल्यांची बायको अंगणात शेंगा निवडत बसली होती.

"काकू," तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. थोरले बैठकीच्या वेळी खाकरायचे. ते कशाकशाला नको म्हणायचे, काही सांगायचे का घरी?"

म्हातारीने शेंगांवरून नजर वर केली. "बाबा, त्यांच्या छातीत चुना होता. भट्टीपाशी बारा वर्षं काढली. दुपार झाली की खोकला यायचाच. कधी त्यांना खरंच काही पटत नसेल, तेव्हाही खाकरत असतील. कुठला खोकला चुन्याचा आणि कुठला मनाचा, ते मला चाळीस वर्षांत कळलं नाही. तुम्हाला वीस वर्षांत कळलं होय?"

मुख्याने खाली पडलेली एक शेंग उचलून ढिगात टाकली.

"शेवटी शेवटी घरी यायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे," ती शेंगा निवडता निवडता म्हणाली. "म्हणायचे, आज पुन्हा माझ्यामुळे आत काहीतरी मोडलं. काय ते ठाऊक नाही. आत जाऊन विचारावं तर मी कोण. मी म्हणायचे, मग जाऊ नका त्या ओट्यावर. तर म्हणायचे, गेलो नाही तर ते माझी वाट बघत बसतात, काहीच ठरत नाही."

"आम्हाला वाटलं, ते बोलतायत."

"आणि त्यांना वाटलं, कुणीतरी एकदा बाहेर येऊन विचारेल."

मुख्याने त्याच दुपारी बैठक बोलावली. दिवेलागणीला अजून अवकाश होता. चौघे आले, आपापल्या जागी बसले. घंगाळातलं पाणी स्थिर होतं.

"आजपासून या वहीत 'हरकत आली' असं लिहिलं जाणार नाही," मुख्य म्हणाला. "हरकत येत नसते, घ्यावी लागते. ज्याला घ्यायची त्याने आपलं नाव सांगून घ्यावी. ज्याला नाही, त्यानेही नाव सांगून 'नाही' म्हणावं. आवाजाला नाव नसेल तर तो लिहायचा नाही, मग तो कुठूनही येवो."

"रिवाज मोडतोस," विणकर म्हणाला.

"वाटी आहे तिथंच आहे. रिवाज वाटीचा होता. खिडकीचा आपण केला."

त्याने विषय वाचला आणि वाटी सोडली.

खोलीत इतकी शांतता होती, की वाटीत पाणी चढताना ऐकू यावं. मग त्याला ते जाणवलं. छातीच्या तळाशी काहीतरी कोरडं हललं, बारीक, पिठासारखं. ते वर सरकू लागलं. ते त्याचं नव्हतं आणि त्याच्याच आत होतं. त्याने दोन बोटांनी गळा दाबून धरला. ते तिथंच घुटमळलं, आणि मग परतलं.

आणि सुताराच्या बाजूने खाकरणं आलं. सुताराचे ओठ घट्ट मिटलेले होते, डोळे खिडकीवर खिळलेले. मग तेल्याकडून. मग विणकर, मग मेंढपाळ, आणि मग चारही गळ्यांतून एकदम, एकाच माणसाचं असावं तसं, दोन तुकड्यांत तुटणारं, शेवटी वर जाणारं. घंगाळातल्या पाण्यावर शहारे उठले. वाटी गोल फिरली.

"बघ," मेंढपाळ कुजबुजला. "खिडकीत बघ."

"मी खिडकीत बघत नाही, तुमच्याकडे बघतोय," मुख्य म्हणाला. "आणि तुम्ही माझ्याकडे बघा. मी, या मंडळीचा मुख्य. माझी हरकत नाही. मनोरा उतरवावा."

त्याचा आवाज फाटका निघाला. वीस वर्षांत त्या खोलीत स्वतःचं मत सांगायला तो कधी लागलाच नव्हता. पण शब्द पुरे झाले, आणि खाकरणं अर्ध्यावर तुटलं.

मग सुतार बोलला. "मी सुतार. माझी हरकत नाही." आणि बोलल्यावर त्याने आपला गळा चाचपून पाहिला.

"मी मेंढपाळ. हरकत नाही."

"विणकर. नाही."

तेली उरला. त्याला घाम फुटला होता. "माझी हरकत आहे," तो म्हणाला. "मी तेली. मनोरा थोरल्यांची आठवण आहे. आणि घंटा गेली तर गावाला वेळ कशी कळायची?"

मुख्याने लेखनिकाकडे पाहिलं. लेखनिकाने मान वर न करता लिहिलं, 'तेल्याने हरकत घेतली.'

"आणि मनोरा पडला, खाली अक्का असली तर?" वाटी उचलण्याआधी मुख्याने विचारलं.

तेली वाटीकडे बघत राहिला. "ते मी मनात आणलंच नव्हतं. मी फक्त ऐकत होतो." त्याने वाटीवरून नजर उचलली. "मनोरा उतरवा. पण घंटा ठेवा. जमिनीवर लाकडाची चौकट करून टांगता येईल का?"

"येईल," सुतार म्हणाला. "सागाची करू. घंटा उद्या सकाळीच खाली घेतो."

वाटी बुडाली. तिचा डुबुक असा आवाज त्या खोलीत किती वर्षांनी नीट ऐकू आला.

मुख्य मनोऱ्याकडे गेला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. अक्काने दोरी डाव्या हाताला गुंडाळली होती.

"सोड," तो म्हणाला.

"भाऊ म्हणून?"

"मुख्य म्हणून. पाचांचा शब्द आहे."

"पाचांचा म्हणजे खिडकीचा?"

"पाचांचा. प्रत्येकाने नाव घेऊन दिलेला."

"नावं सांग."

त्याने पाचही नावं सांगितली, तेल्याने आधी काय म्हटलं आणि मग काय म्हटलं तेही सांगितलं. अक्काने सगळं ऐकलं. मग हाताचे वेढे एकेक करून सोडवले आणि दोरी भिंतीशी टेकवून ठेवली. त्या दिवशी गावाने दिवेलागणीची घंटा ऐकली नाही. माणसं दारात येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी घंटा खाली आली. चौथ्या दिवशी, भर दुपारी, मनोरा आपोआप बसला. खाली कुणी नव्हतं. एवढ्या उंच मनोऱ्याचा आवाज मोठा व्हायला हवा होता, पण तसा झाला नाही. एखादं थकलेलं माणूस उकिडवं बसावं, तसा तो बसला. नंतर गवंड्यांनी विटा उचलल्या, तेव्हा त्यांच्यामधला चुना मुठीतून पिठासारखा गळून गेला.

अक्काचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. सागाच्या चौकटीतली घंटा ती शेवटपर्यंत डाव्या हाताने वाजवत राहिली. तिने भावाजवळ त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, आणि टोल्यागणिक भावाने तो ऐकला.

पुढच्या बैठकीत लेखनिकाने मंदिराची जुनी वही उघडली. वीस वर्षांत 'हरकत आली' असं एक्केचाळीस वेळा लिहिलेलं निघालं. मुख्याने एकेक विषय पुन्हा वाचायला घेतला. वडील भांडले, आवाज चढले, कुणी उठून गेलं आणि परत आलं. काही विषय मंजूर झाले, काहींवर खरोखर हरकत निघाली. पण कित्येक विषयांपुढे लेखनिकाला निराळंच लिहावं लागलं. ज्या म्हाताऱ्याने मंदिराच्या पायऱ्यांना कठडा मागितला होता, तो पडून मेला होता. ओढ्यापलीकडच्या वस्तीने प्रार्थनेला येण्यासाठी वाट मागितली होती, तिथं आता चुली थंड होत्या आणि छपरांतून झाडं वर आली होती. त्यांच्या नावांपुढे लेखनिकाने लिहिलं, 'मागणारे उरले नाहीत.'

ज्याला बोलायचा अधिकार दिलेला असतो त्याने आपल्याच तोंडाने बोलावं, नाहीतर त्याच्या तोंडून दुसरंच कुणी बोलू लागतं.